घोडा भारी पयना, पन भाव नही भेटना

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे स्टेटसला टाकले की दरवर्षी कोणी ना कोणी मेसेज करतंच, "भो तुला घोड्यातलं कळतं ना, मग सांग ना रेसला कोणता लावू." आता यांना काय सांगायचं. यात्रेतला घोडा आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पळणारा घोडा, दोघांना चार पाय आणि एक शेपूट, इथपर्यंत सारखं. कानापासूनच फरक सुरू होतो, मारवाडी घोड्याचे कान वर टोकाला आत वळून एकमेकांना भिडतात, रेसच्या घोड्याचे सरळ.

दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते तिथं घोडा घेणारा माणूस काय बघतो, तर रंग, उंची, अंगावरचे केसांचे भोवरे, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं आहे का, गळ्याला देवमण हा शुभ भोवरा आहे का, आणि मग मालक त्याला रेवाल चालवून दाखवतो, वर बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही अशी ती चाल. पेपरात कोटीच्या घोड्याची बातमी येते, पोरं सेल्फी काढतात, सगळं झकास, मी पण दरवर्षी जातो. पण तिथं सगळा व्यवहार दिसण्यावर आणि चालीवर. रेसमध्ये पळतो तो थरोब्रेड, आणि जगातला कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाच्या बाजूने मागे मागे गेलात की तीनच घोड्यांपाशी येऊन थांबता, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. तीनशे वर्षं फक्त पळण्यासाठी निवडत निवडत आणलेली जात आहे ती, तिच्या भोवऱ्यांकडे कोणी बघत नाही.

तर हा मोठा मेसेज मी एकदाच इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक चिकटवता येईल. यात दोन गोष्टी आहेत, घोडा निवडायचा कसा, आणि गेल्या वर्षीच्या मोठ्या रेसांमध्ये काय झालं. खरं तर दोन्ही एकच गोष्ट आहे, निकाल नीट वाचता आला की निवडणं आपोआप सुधारतं.

आधी आमचा सेटअप सांगतो. मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. आमच्या दोंडाईचा साइडच्या माणसाला मुंबई तशी सोपी, खान्देश एक्सप्रेस पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, तिथून लोकलने तिसरं स्टेशन महालक्ष्मी. पण दर रविवारी कोण जाणार, त्यामुळे वर्षातला बराचसा काळ मोबाइल आणि एक वही. वहीत चौघांची नावं, मी, माझा मावसभाऊ, त्याचा एक मित्र आणि आमचे नाना, म्हणजे धाकटे काका. रेसच्या आधी प्रत्येकाने आपला घोडा आणि त्या वेळचा भाव लिहायचा, प्रत्येकाचे शंभर रुपये कागदावर, सीझन संपला की ज्याचा हिशोब सगळ्यात खाली तो सगळ्यांना शेवभाजी खाऊ घालणार. भाव लिहायचाच, हा नियम नानांचा. आधी आम्ही नुसतं घोड्याचं नाव लिहायचो आणि कोणाचे किती जिंकले ते मोजायचो. नाना म्हणे ह्याला काही अर्थ नाही.

नानांचं बरोबर होतं. त्यांची शहाद्याकडे पपई आहे, आणि माल एक नंबर असूनही तोट्यात जाणं काय असतं हे पपईवाल्याला शिकवावं लागत नाही. मार्केट कमिटीत दर ठरतो, तो दर तुमच्या खर्चाच्या वर असेल तर पपई चांगली, खाली असेल तर तीच पपई रडवते. घोड्याचं पण तेच. "कोणता जिंकेल" हा अर्धाच प्रश्न आहे, "या भावाला परवडतो का" हा उरलेला अर्धा, आणि नव्वद टक्के पब्लिक हा दुसरा अर्धा विचारतच नाही.

भाव म्हणजे लोकांच्या मते त्या घोड्याला किती चान्स आहे ते. दोनाचा भाव असेल, म्हणजे शंभर लावले तर दोनशे नफा, तर मार्केट म्हणतंय की हा तीनात एकदा जिंकेल. चारचा भाव म्हणजे पाचात एकदा. नवाचा भाव म्हणजे दहात एकदा. आता तुम्ही तुमच्या डोक्याने ठरवायचं की याचा खरा चान्स किती, आणि तुमचा आकडा मार्केटपेक्षा जास्त निघाला तरच हात घालायचा, नाहीतर गप बसून रेस बघायची. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, जगभर साधारण तीनात एकदा जिंकतो, हे बऱ्याच देशांत बऱ्याच वर्षांत बघितलं गेलंय. म्हणजे डोळे मिटून फेव्हरिट लावणारा तीनातल्या दोन रेस हरणार हे धरूनच चालायचं. आणि उलट्या बाजूने, पन्नास-शंभरच्या भावाचा जो घोडा असतो, ज्याला रेसकोर्सवर फ्लूक म्हणतात, तो लोक गरजेपेक्षा जास्तच लावतात, कारण थोड्यात लखपती व्हायची हौस, त्यामुळे त्याचा भाव खरं तर दीडशे हवा तिथं पन्नासच मिळतो. फ्लूकमध्ये सगळ्यात जास्त पैसा बुडतो.

रेसकोर्सवर टोट असतो, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका भांड्यात, त्यातून क्लबचा कट आणि टॅक्स जाऊन उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांत वाटायचं, आणि डिव्हिडंड दहा रुपयांवर सांगतात. "विन चाळीस" असं ओरडला की दहाचे चाळीस. टोटमध्ये शेवटचा भाव रेस सुटल्यावरच कळतो. बुकीकडे तसं नाही, तिथं जो भाव घेतला तो तुमचा. बाकी विन, प्लेस, फोरकास्ट, क्विनेला, पहिले तीन बरोबर क्रमाने सांगायचे ती टनाला, आणि जॅकपॉट, ही सगळी नावं कानावर पडतील, नवीन माणसाने विन (घोडा पहिला येईल) आणि प्लेस (पहिल्या दोन-तिघांत येईल) सोडून कशाकडे बघू पण नये असं माझं स्पष्ट मत आहे. टनाला लागली की माणूस वर्षभर तीच स्टोरी सांगतो, न लागलेल्या कोणी सांगत नाही.

आता टॅक्सचं ऐका, कारण हे कोणताच टिपवाला सांगत नाही. रेसच्या पैजेवर पूर्ण लावलेल्या रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्यावर नाही हां, लावलेल्यावर. गणित करून बघा, दोनाच्या भावाचा फेव्हरिट तीन रेसमध्ये शंभर-शंभर लावला, एकदा जिंकला, तीनशे लावले आणि तीनशे परत आले, बरोबरीत सुटलात. आता त्या तीनशेवर चाळीस टक्क्यांनी एकशे वीस धरा, ते गेले. वर दहा हजाराच्या पुढे जिंकलात तर ३० टक्के टीडीएस. म्हणजे आता बरोबरीत सुटायचं म्हटलं तरी तुम्हाला मार्केटपेक्षा थोडं नाही, लय जास्त शहाणं असावं लागतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेसिंग हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय, जुगार नाही, ते मला पटतं, पण चाळीस टक्क्यांवर मात करायला लागणारं कौशल्य आमच्या चौघांत मिळून नाही, म्हणून वही आणि शेवभाजी.

बरं, आता निकाल.

गेल्या वर्षी सगळ्यात मजा आली ती सॉव्हरिन्टी आणि जर्नलिझम या दोन अमेरिकन घोड्यांनी. केंटकी डर्बी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते, आपल्याकडे तेव्हा रविवार पहाटेचे साडेचार, आणि मे मध्ये खान्देशात माणूस झोपलेला असतो गच्चीवर, त्यामुळे उठून बघणं काही जड जात नाही. ३ मे २०२५, पाऊस पडून मातीच्या ट्रॅकचा नुसता चिखल झालेला. फेव्हरिट जर्नलिझम. सुरुवातीलाच त्याला गर्दीत धक्काबुक्की झाली, तरी गडी शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे आला, पण बाहेरून सॉव्हरिन्टी आला आणि दीड लेंग्थने, म्हणजे दीड घोड्याच्या लांबीने, घेऊन गेला. तिसरा बाएझा. सॉव्हरिन्टीवर दोन डॉलरचे १७.९६ मिळाले, म्हणजे लावलेल्याच्या जवळपास नऊपट.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस. सॉव्हरिन्टीचा ट्रेनर बिल मॉट, त्याने घोडा पाठवलाच नाही, म्हणे विश्रांती देतो. अमेरिकेत ओरड झाली, कारण डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट तिन्ही जिंकले की ट्रिपल क्राउन, आणि हा दुसऱ्यातच घरी बसला. मला तर तो निर्णय एकदम मर्दाचा वाटला, पब्लिकसाठी नाही, घोड्यासाठी घेतलेला. प्रीकनेस जर्नलिझमने मारली, पण कशी, शेवटी दोन घोड्यांच्या मधे चिमटला, तिथून अंग काढून गॉस्गरला अर्ध्या लेंग्थने हरवलं. बघायला थरारक, पण वहीत मी लिहिलं, "जिंकला, पण अंगावर घेतलं."

मग ७ जून, मृगाच्या तोंडावर, त्या रात्री एकदम दोन रेस होत्या, रात्री आठला इंग्लंडची एप्सम डर्बी आणि पहाटे बेलमाँट. बेलमाँट आधी सांगतो. ही रेस नेहमी २४०० मीटरच्या आसपास असते, पण बेलमाँट पार्कचं बांधकाम चालू असल्याने ती सॅराटोगाला झाली, आणि तिथं अंतर कमी करून साधारण २००० मीटर ठेवलं. म्हणजे केंटकी डर्बीएवढंच अंतर! हा मुद्दा कितीतरी लोकांनी सोडून दिला. तेच अंतर, तेच घोडे, एक पाच आठवडे आराम करून आलेला, दुसरा मधे एक खडतर रेस पळून आलेला, आणि पब्लिकने फेव्हरिट कोणाला केलं, तर जर्नलिझमला. कारण लोकांना शेवटची बघितलेली रेस आठवते. निकाल काय, पहिला सॉव्हरिन्टी, दुसरा जर्नलिझम, तिसरा बाएझा, डर्बीचीच झेरॉक्स, फक्त पहिल्या दोघांतलं अंतर दीडवरून तीन लेंग्थवर गेलं. दोन डॉलरचे या वेळी सात.

सकाळी चहाला नाना म्हणे, "घोडा भारी पयना, पन भाव नही भेटना," म्हणजे घोडा भारी पळाला, पण भाव नाही भेटला. नऊपटीचा घोडा साडेतीनपटीवर आला म्हणून त्यांनी तो लिहिलाच नव्हता, नियम म्हणजे नियम. इथं मात्र माझं आणि नानांचं जमत नाही. भाव उतरला म्हणजे महाग झाला असं नाही ना. डर्बीत त्याचा चान्स खरंच नऊ-दहात एक असा वाटत होता. बेलमाँटला सगळी परिस्थिती त्याच्या बाजूने होती, मला विचाराल तर निम्मा चान्स, आणि मार्केट देतंय साडेतीनात एक. म्हणजे भाव कमी असून पैज जास्त चांगली. नानांना हे अजून पटलेलं नाही, ते कालच्या दराशी आजचा दर ताडून बघतात. पुढे ऑगस्टमध्ये ट्रॅव्हर्स स्टेक्स ही रेस सॉव्हरिन्टीने दहा लेंग्थने मारली, पण तोवर भाव एवढा पडलेला की शंभराला वर चिल्लर. त्या दिवशी मैदानातला सगळ्यात चांगला घोडा आणि सगळ्यात वाईट पैज, दोन्ही तोच. तिथं मी नानांच्या पार्टीत.

(सॉव्हरिन्टीचा मालक कोण, तर दुबईच्या शेख मोहम्मदचा गोडॉल्फिन स्टेबल, वर सांगितलेल्या तीन घोड्यांतल्या एकाच्या नावावरून ठेवलेलं नाव. उगाच सांगितलं.)

एप्समची गोष्ट वेगळी. तिथं फेव्हरिट डेलाक्रुआ, ट्रेनर एडन ओब्रायनचा घोडा. ओब्रायनचेच अजून घोडे त्या रेसमध्ये होते, त्यातला एक लॅम्बर्न. त्याच्या स्टेबलचा, म्हणजे तबेल्याचा, मेन जॉकी रायन मूर, त्याने स्वतः डेलाक्रुआ निवडला, लॅम्बर्नवर बसला वेन लॉर्डन. आता आपल्या रेसकोर्सवरचं पाठ असलेलं वाक्य, "मेन जॉकी ज्यावर बसला तोच स्टेबलचा खरा घोडा." झालं काय, लॅम्बर्न सुटल्या सुटल्या पुढे गेला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला, कोणी त्याला छेडलंच नाही, आपल्या लयीत पळत पळत डर्बी घेऊन गेला. भाव साडेसहाचा. दुसरा लेझी ग्रिफ, भाव पन्नास! तिसरा टेनेसी स्टड, २८. आणि डेलाक्रुआ नववा. पाऊस पडून जमीन ओली झाली म्हणून 'दोन हजार गिनीज' या तिकडच्या रेसचा विनर रूलिंग कोर्ट त्याच दिवशी रेसमधून काढून घेतला होता, म्हणजे ज्यांचं गणित त्याच्यावर होतं ते सकाळीच कोलमडलं.

आता इथं बहुतेक लोकांनी काय केलं, डेलाक्रुआवर काट मारली. नववा आला म्हणजे फुसका. आणि इथंच निकाल *वाचणं* आणि निकाल *बघणं* यात फरक आहे. व्हिडिओ परत लावून बघा, तो मागे गर्दीत अडकलेला, पुढचा घोडा आरामात चाललेला, अशा रेसमध्ये मागून येणाऱ्याचं काही खरं नसतं, आणि वर अंतर २४००. महिन्याभरात ५ जुलैला सँडाउनला एक्लिप्स स्टेक्स झाली, अंतर २०००, तिथं पण हा गडी कोंडला गेला, आता काही नाही असं वाटेपर्यंत शेवटच्या क्षणी असा काही सुटला की ओम्बड्समन नावाच्या घोड्याला गाठून हरवलंच. नववा आलेला घोडा! तिकडे लॅम्बर्नने आयरिश डर्बी पण मारली, म्हणजे तो पण काही लकने आलेला नव्हता. दोघं खरे, अंतर आणि रेसचा वेग वेगळा.

आणि मग ब्रीडर्स कप क्लासिक. आपल्याकडे २ नोव्हेंबरची पहाट, कार्तिकी एकादशी, आई काकड्याला उठलेली आणि मी कॅलिफोर्नियाच्या डेल मारची रेस बघत बसलेलो, तिने एकदा मोबाइलकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. सॉव्हरिन्टी तापामुळे रेसच्या आधीच बाहेर. जपानचा फॉरेव्हर यंग जिंकला, दुसरा सिएरा लिओन, तिसरा फिअर्सनेस. आता २०२४ च्या त्याच रेसचा निकाल काढून बघा, पहिला सिएरा लिओन, दुसरा फिअर्सनेस, तिसरा फॉरेव्हर यंग. तेच तिघं! नुसती जागांची अदलाबदल. आणि फॉरेव्हर यंग २०२४ च्या केंटकी डर्बीत पण तिसरा होता, मिस्टिक डॅन, सिएरा लिओन आणि तो, तिघांचा फोटो फिनिश, नाकाचा फरक. जपानमध्ये ट्रेन झालेल्या घोड्याने ही क्लासिक पहिल्यांदाच जिंकली, ट्रेनर योशितो याहागी, जॉकी र्युसेई साकाई. जर्नलिझम बिचारा चौथा.

यावरून माझं जे मत बनलंय ते असं की चांगले घोडे कोण हे ओळखणं फार अवघड नाही, दोन-तीन रेस बघितल्या की कळतं. त्यांचा *क्रम* सांगणं अवघड, आणि पैसे तर क्रमाचेच असतात. त्यामुळे वहीत मी आता विनच्या शेजारी "तिघांत येईल का" असा एक कॉलम करतो, आणि तो कॉलम माझा विनपेक्षा बराच बरा दिसतो.

फ्लूकवाले लगेच म्हणतील रिच स्ट्राइकचं काय. हो, २०२२ ची केंटकी डर्बी, भाव ऐंशी, दुसरा घोडा आदल्या दिवशी रेसमधून बाहेर पडला म्हणून याला जागा मिळाली, एकदा ३० हजार डॉलरच्या क्लेमिंग रेसमधून, म्हणजे पळणारा घोडा ठरलेल्या किमतीला विकत घेता येतो अशा रेसमधून, उचललेला घोडा, मागून आतल्या रेलने आला आणि दोन डॉलरचे १६३.६० करून गेला. माझ्याकडे तो व्हिडिओ सेव्ह आहे, कंटाळा आला की बघतो. पण त्यानंतर रिच स्ट्राइक एकही रेस जिंकला नाही हे पण लक्षात ठेवा. डर्बीनंतर जे लोक त्याच्या मागे पळाले त्यांनी कालच्या निकालाचे पैसे आज भरले.

आता आपल्या मुंबई-पुण्याचं. तिथं रोजच्या बहुतेक रेस हँडिकॅप असतात, म्हणजे प्रत्येक घोड्याला रेटिंग, आणि रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त, एका पॉइंटला अर्धा किलो. दहा पॉइंटचा फरक म्हणजे पाच किलो. हँडिकॅपरचं काम हेच की कागदावर सगळे घोडे एका रेषेत आले पाहिजेत, म्हणजे तुमची-आमची पंचाईत. घोडा रेस मारतो, रेटिंग वाढतं, पुढच्या वेळी वजन वाढतं किंवा क्लास बदलतो, पाचव्या क्लासचा राजा चौथ्यात, म्हणजे वरच्या क्लासमध्ये, गेला की शेवटून दुसरा. म्हणून रेसबुकात नुसतं "मागच्या वेळी पहिला" हे वाचून उपयोग नाही, किती वजनाने, कोणत्या क्लासमध्ये, किती अंतरावर आणि कोणाला हरवून पहिला, हे चारही बघायचं. मी सगळ्यात आधी अंतर बघतो. १२०० ला शेवटी शेवटी भरारा येऊन चौथा आलेला घोडा १६०० ला टाकला की माझे कान उभे राहतात. नंतर वजन. मग अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकी असेल तर त्याला वजनात सूट मिळते ती. मग पॅडॉक, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवतात ती जागा, तिथं घामाने साबण फुटलेला, मान उडवणारा घोडा दिसला तर मी पास. सारंगखेड्याला फिरून आलेल्या नजरेचा जो काही उपयोग होतो तो एवढाच, घोडा शांत आहे की बिथरलेला हे लांबून कळतं.

टिपांबद्दल. टेलिग्रामवर "शंभर टक्के फिक्स घोडा" देणारे पायलीला पन्नास झालेत, त्यातले काही सकाळी चार ग्रुपवर चार वेगवेगळे घोडे देतात आणि संध्याकाळी जो लागला त्याचा स्क्रीनशॉट फिरवतात. ज्याला खरंच माहीत आहे तो तुम्हाला का सांगेल, सांगितलं तर भाव पडणार त्याचाच. गावोगावचे डब्बेवाले आहेत, उधारीवर रेस घेतात, ते सरळ बेकायदेशीर आहे आणि त्यांच्याकडे जिंकलात तरी वसुलीला कोणाकडे जाणार. ऑनलाइन पैशांच्या गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केलाय, तरी परदेशी ॲपच्या लिंक फिरतातच, मला पाठवू नका. आणि "जॉकीने खेचला" हे तर हरलेल्या माणसाचं राष्ट्रगीत आहे. खेचतात का कधी, तर स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, व्हिडिओ बघून चौकशी लावतात, जॉकी सस्पेंड होतात, म्हणजे शून्य नाही. पण तुमचा घोडा दर वेळी खेचलाच जात असेल तर तुमचीच निवड तपासा ना भो.

आता फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. १९४३ पासून चालू आहे. जुने लोक अजून १९७७ चा विनर स्क्वॉन्डररचं नाव काढतात, १९ रेसमधून १८ जिंकलेला घोडा, आमच्या नानांच्या तोंडी वसंत शिंदे आणि पांडू खाडे या जॉकींची नावं असतात. डर्बीला बंगलोर, हैदराबादचे घोडे पण येतात, त्यामुळे एकमेकांविरुद्ध पळालेलेच नसतात कित्येक, तुलना करायला काही हातात नसतं, आणि तरी पब्लिक एका कोणाला तरी एकाच्या खालच्या भावाला आणून ठेवतं. मी बघणार आहे ते हे: डिसेंबरच्या आपल्याकडच्या गिनीज रेसमध्ये १६०० मीटरवर कोण शेवटी दमत होतं आणि कोण अजून पळत होतं. दमणाऱ्याने गिनीज जिंकली असली तरी २४०० ला मी त्याला फेव्हरिटच्या भावात घेणार नाही. पुढून पळणारा एकच घोडा फील्डमध्ये असेल आणि त्याला छेडणारा दुसरा कोणी नसेल तर लॅम्बर्न आठवून त्याचा भाव आधी बघणार. आणि एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील तर मेन जॉकीने सोडलेला कोणता ते.

रेसकार्ड आलं की चौघांची निवड भावासकट इथं टाकतो, रेसच्या आधी, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मावसभाऊ या वेळी पण आठ नंबरच लावणार, घोडा कोणता का असेना, त्याचा गाडीचा नंबर आहे तो.